आईच्या अक्षरातली पानगळ

कालामा, ११ फेब्रुवारी १९९६

प्रिय ताई,

खोकं पाठवते आहे. उघडल्यावर तू आधी मला शिव्या घालणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. 'पोरांना बूट धाडायचे सोडून ही बया पुस्तकं धाडतेय!' बूट पुढच्या महिन्यात, शप्पथ. आधी माझं ऐकून घे.

ही पुस्तकं माझ्या बाईंच्या मुलांची. साहेब इथल्या तांब्याच्या खाणीत इंजिनियर, माणसं कॅनडाची, हे तुला मागे लिहिलंच होतं. मुलं मोठी झाली म्हणून बाईंनी चित्रांची सगळी पुस्तकं फेकायला काढली. मी म्हटलं, फेकू नका, माझ्या इंग्रिदला आणि व्लादीला होतील. बघशील तर सगळी एकाच विषयावर, पानगळीवर. लाल पानं, पिवळी पानं, भोपळे, धुकं. बाईंना त्यांच्या गावची पानगळ इतकी आठवते, की दर वर्षी त्या दिवसांत एक नवं पुस्तक मागवतात आणि मुलांना जवळ घेऊन वाचत बसतात. इथे वाळवंटात कुठली पानं गळायला! मग मी आणि बाई रंगीत कागदाची पानं कातरतो आणि दोऱ्यात ओवून खिडकीला लावतो. मला ठेवलंय स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला, पण त्या दिवसांत माझं कातरकामच जास्त होतं.

पुस्तकं त्यांच्या भाषेत आहेत. ती तुला काय, मला तरी कुठे येते? पण बाई मुलांना वाचून दाखवतात तेव्हा मी तिथेच इस्त्री करत असते. नंतर त्या मला आपल्या भाषेत मोडकातोडका अर्थ सांगतात. तो मी कागदाच्या पट्ट्यांवर लिहिला आणि पानापानावर छापलेल्या मजकुरावर डकवला. दुपारी मुलं शाळेत गेली की माझं हेच चाललेलं. पिठाच्या खळीने डकवल्यात, ओल्या हातांनी धरू नका.

तुझ्याकडे हात जोडून एकच मागणं आहे. संध्याकाळचा चहा-पाव झाला की चुलीपाशी दोघांना घेऊन बस आणि एक पुस्तक वाच. मी लिहिलंय तसंच वाच, शब्द बदलू नकोस. मी निघाले तेव्हा व्लादी दीड वर्षाचा होता. फोनवर तो नुसता श्वास घेतो. निदान पुस्तकातून तरी माझं बोलणं त्याच्या कानावर पडेल. त्याला आई म्हणजे काय हेच कळलं नाही, तर मी इथे राबून मिळवलं काय?

तुझी,
यास्ना


पुएर्तो आयसेन, १७ मार्च

यास्ना,

खोकं पोचलं. अर्धं भिजलं होतं. इथला पाऊस तुला माहीत आहे, का तोही विसरलीस? पुस्तकं चुलीवरच्या दोरीवर मोज्यांच्या शेजारी वाळत घातली. तुझी खळ पक्की निघाली, एकही पट्टी सुटली नाही.

वाचते. रोज वाचते. पण खरं सांगू, माशाच्या कारखान्यात दिवसभर सुरी चालवून आलं की पहिलं पान होईतो ठीक, दुसऱ्या पानाला डोळे मिटतात. मग इंग्रिद कोपर मारते, 'मावशी, वाऱ्याने टोपी नेली, पुढे काय?' मी म्हणते, 'नेली तर नेली. वाऱ्याचं कामच ते.' ती फणफणते आणि स्वतःच वाचायला घेते. आता दुसरीत गेलीय. छापलेलं वाचताना अडखळते, पण तुझं अक्षर तिला घडाघडा वाचता येतं.

अगं, पण ही कसली माणसं? भोपळ्याला डोळे कोरून दारात ठेवतात? इंग्रिदने हट्ट धरला, आपणही करू. म्हटलं, बाई गं, भोपळा दारात ठेवला तर वाटेने जाणारा उचलून नेईल आणि वर आपल्यालाच वेडं म्हणेल. मग पावसाने धार धरली तशी त्याच भोपळ्याचे सोपाइपिया तळले. गरमागरम चार पोटात गेले तेव्हा कुठे पोरीचा रुसवा निघाला.

व्लादी विचारतो, ही झुपकेदार शेपटीवाली कोण? त्याने खार कधी बघितली असणार! म्हटलं, ही उंदराची श्रीमंत बहीण. आता रोज तिचंच सांग म्हणतो.

आई म्हणजे काय हे पुस्तकातून कळत असतं तर फार बरं झालं असतं. पण तू म्हणतेस म्हणून वाचते. अक्षर मोठं आलंय, चष्मा बदलायला झालाय. बाकी सगळं ठीक.

नोल्फा


कालामा, १४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की बाई स्वयंपाकघरात डोकावून गेल्या. उंदराची श्रीमंत बहीण म्हणे! पण ताई, मी पट्टीवर खारच लिहिलं होतं ना? शब्द बदलू नकोस म्हटलं होतं. तू सांगतेस ते मजेचंच असणार, तू लहानपणापासून तशीच. पण मग ती तुझी गोष्ट होते गं, माझी कुठे राहते?

रागावू नकोस. दिवसभर मी दुसऱ्याच्या मुलांना 'जेवून घे', 'दात घास', 'गळा झाक' म्हणत असते, तेही त्यांच्या भाषेत. संध्याकाळी माझ्या खोलीत आले की आपल्या पोरांसाठी तोंडात शब्द उरत नाही. कॉटवर बसते ती बसतेच, बूटसुद्धा काढवत नाहीत. म्हणून तर सगळं लिहून ठेवलं.

काटेवाल्या आईचं पुस्तक वाचलंस का? तो अंगभर काटे असलेला छोटा प्राणी, पिल्लांसाठी खाऊ शोधायला लांब रानात जातो, ते. बाईंच्या पुस्तकात शेवटच्या पानावर नुसता बर्फ पडतो. मला ते बघवेना. मी तिथे माझ्या मनाने लिहिलं, 'झाडावरचं शेवटचं पान गळायच्या आत आई घरी आली आणि तिने पिल्लांना पोटाशी घेतलं.' व्लादी ते ऐकून काय म्हणाला? एकूण एक शब्द कळव.

तुझं अक्षर खरंच केवढं झालंय, एका ओळीत चार शब्द मावतात. चष्म्याचं टाळू नकोस.

यास्ना


पुएर्तो आयसेन, ५ मे

यास्ना,

एकूण एक शब्द हवाय ना तुला? घे मग.

परवा शाळेतून बोलावणं आलं. कारखान्यात रजा टाकली आणि चिखल तुडवत गेले. गुरुजींनी वर्गाला विचारलं होतं, पानगळ कोणत्या महिन्यांत येते? सगळ्यांनी लिहिलं, मार्च, एप्रिल, मे. आपल्या इंग्रिद बाईसाहेबांनी लिहिलं, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. गुरुजींनी लाल फुली मारली. तर ही उभी राहून सांगते, 'माझ्या आईने लिहिलंय.' गुरुजी भला माणूस, म्हणाला, 'बाळ, खिडकीबाहेर बघ. समोरच्या डोंगरावर लेंगाची झाडं लाल झालीत ना? मग पानगळ आत्ता आहे की नाही?' ही खिडकीकडे पाठ करून बसली! मला नाही बघायचं म्हणे. मागच्या बाकावरचं एक कार्टं म्हणालं, 'हिची आई चंद्रावर राहते वाटतं.' झालं! हिने त्याचं दप्तर डबक्यात फेकलं. ते धुऊन वाळवून द्यावं लागलं मला.

घरी येऊन तुझ्या पट्ट्या बघितल्या. खरंच की, तुझ्याच अक्षरात. 'ऑक्टोबर आला, पानं लाल झाली.' डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ऑक्टोबरात इथे सफरचंदांना फुलं येतात, मेंढ्या वितात, लाल काय होतं? ती बाई जगाच्या वरच्या टोकाची, आपण खालच्या, तिचे ऋतू उलटे, तिचं सोड. तू आयसेनची ना? ह्याच चिखलात लोळलीस ना? लिहिताना हात अडखळला नाही?

पोरीला परोपरीने समजावलं. म्हटलं, आईची चूक झाली. तर म्हणते, 'आईची नाही, झाडांची चूक आहे.' आता बोल.

आणि तुझी ती काटेवाली आई. व्लादी ऐकून काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटे बूट घालून फाटकाशी जाऊन उभा राहिला, पावसात. शेजारच्या ओर्तेन्सियाकाकूंच्या पॉप्लरच्या झाडावर थोडीच पानं राहिली होती, ती बघत. काकूंनी उचलून घरात आणला तेव्हा ओठ निळे पडले होते. मग बरेच दिवस खोकत होता. तुला कळवलं नाही, कळवून तू काय करणार होतीस? तेव्हापासून मी ते पान वाचत नाही. पिल्लं झोपली, दिवा मालवला, संपलं, असं म्हणून पुस्तक मिटते.

येणार नसशील तर येते असं लिहू नकोस. मी थकले गं. काम, घर, लाकडं, पोरांचं सगळं, आणि वर तुझ्या कागदांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मला नाही होत.

नोल्फा


कालामा, २६ मे

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाईंच्या मुलाचा शर्ट इस्त्रीखाली जाळला. बाईंनी माझं तोंड बघितलं. इस्त्री माझ्या हातातून काढून घेतली.

महिन्यांचं म्हणशील तर चुकलंच. बाई म्हणाल्या ऑक्टोबर, मी लिहिलं ऑक्टोबर. इथे बारा महिने एकच रंग, धुळीचा. तुझं पत्र हातात घेऊन मी आठवायला लागले की लेंगाची झाडं लाल कधी होतात, आणि मला चटकन आठवेना. माझीच मला भीती वाटली. इंग्रिदला म्हणावं, झाडं बरोबर आहेत, आई गाढव आहे.

पण शेवटचं पान गाळायचं तुला कुणी सांगितलं? मी इथे रोज संध्याकाळी घड्याळ बघून म्हणते, आता चहा झाला असेल, आता वाचत असतील, आता आई घरी आली असेल. आणि तू तिथे रोज पुस्तक मिटतेस! पोरं माझी आहेत, ताई. सांभाळतेस म्हणून तुझी नाही होत. पाऊस होता तर फाटकाला कडी घालायची होती. पान कशाला गाळायचं?

हे लिहिलं आणि फाडावंसं वाटलं. पण परत लिहायचं त्राण नाही, म्हणून तसंच राहू देते.

दुसरं एक सांगायचं आहे. दोन महिने मनात घोळतंय. साहेबांचं इथलं काम ऑगस्टमध्ये संपतं. ते सगळे कॅनडाला परत जाणार आणि बाई म्हणतात, तूही चल. दोन वर्षांसाठी. कागदपत्रं तेच करतील, पगार इथल्यापेक्षा खूप चांगला. परत आले की नदीकडेला आपलं स्वतःचं घर होईल, पोरांना खोली, तुला खोली. तुझा कारखाना सुटेल. तू आत्तापर्यंत निभावलंस, आणखी दोन वर्षं निभावशील का? तू खंबीर आहेस म्हणून विचारते. पोरांचा बाप पुंता आरेनासला दुसरा संसार थाटून बसलाय, त्याला कोण विचारणार? मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

जाऊ की नको? तू सांगशील तसं करीन.

यास्ना


पुएर्तो आयसेन, १६ जून

यास्ना,

जा.

तू मला विचारत नाहीयेस, माझ्याकडून जा म्हणवून घेतेयस, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पोरं तुझी, पुस्तकं तुझी, जन्म तुझा. फाटकाला कडी घातलीय.

इथे बर्फ सुरू झालाय. सरपण आहे. पोरं बरी आहेत. व्लादी मला आई म्हणत नाही, ती काळजी तू करू नकोस. मावशीच म्हणतो, मी त्याला तसंच शिकवलंय.

कधी निघणार ते कळव.

नोल्फा


(त्याच पाकिटात)

आई,

हे पत्र मावशीला माहीत नाही. पाकीट पोस्टात टाकायला तिने मला दिलं तेव्हा मी काकूंच्या घरी थांबून हे लिहिलं आणि काकूंनी पाकीट परत चिकटवलं. काकू म्हणाल्या, लिही बाई, कुणीतरी लिहायलाच पाहिजे.

मावशी कारखान्यात जात नाही. मार्चमध्ये शाळा सुरू झाल्यावर थोडेच दिवस गेली, मग तिची सुरी सारखी हातातून पडायला लागली म्हणून त्यांनी घरी पाठवलं. तिची दोन्ही मनगटं फडक्याने बांधलेली असतात. बोटं झोपतात असं ती म्हणते. कप धरता येत नाही म्हणून ती माते-चहा वाडग्यातून पिते आणि म्हणते की असंच चांगलं लागतं. व्लादीला उचलत नाही, तो मांडीवर स्वतः चढतो. लाकडं काकूंचा जावई फोडून देतो. तुला पत्र लिहायला तिला दोन दिवस लागतात आणि ती पेनाला खूप वाईट शब्द बोलते.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की पुएर्तो मोंतला जाऊन हात कापून शीर मोकळी करायची, मग बरं होईल. मावशी म्हणाली, मग ह्या दोघांना काय खुंटीला टांगून जाऊ?

तू लांब जाणार आहेस का? मावशी काकूंना सांगत होती. मी दाराबाहेर होते.

मी आता खिडकीबाहेर बघते.

इंग्रिद


कालामा, ९ जुलै

ताई,

इंग्रिदला ओरडू नकोस. ओर्तेन्सियाकाकूंनाही नको.

चष्मा म्हणे! आणि मी इथे बसून तुला चष्म्याचे सल्ले देतेय. 'रजा टाकून गेले' म्हणे! किती खोटं बोलशील गं बये, आणि तेही दुखऱ्या हातांनी दोन दोन दिवस बसून?

मी बाईंना नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, जरा रागही आला, आता त्या दुसरी कुणी बघतायत. मुलांना सांगितलं तेव्हा धाकटी रडली. तिला मी उराशी धरलं आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. सहज धरलं गं. कसं धरायचं ते मला बरोब्बर माहीत होतं. माझ्या पोरांना धरायला गेले तर तसं जमेल का, कोण जाणे.

महिनाअखेर निघते. पुढे जहाज मिळेल तशी येईन. काम नाही, घर नाही, काही नाही. नुसती येतेय. तू पुएर्तो मोंतची तारीख घेऊन ठेव, तिथल्या आत्याला कळव की राहायला येते म्हणून.

पोरांना आधी काही सांगू नकोस. जहाज चुकलं आणि ती फाटकाशी उभी राहिली तर ते मला सोसणार नाही.

यास्ना


पुएर्तो आयसेन, १५ सप्टेंबर

प्रिय ताई,

आत्याचा निरोप पोचला. उजवा हात झाला, डावा पुढच्या महिन्यात, आणि तू दवाखान्यातल्या सुपाला नावं ठेवतेस म्हणजे तब्येत ठीक आहे. हायसं वाटलं.

इथलं सांगते. खरं ते सांगते, तुझ्यासारखं नाही.

तू होतीस तोवर मला वाटत होतं, जमतंय. तू जहाजावर चढताना धक्क्यावर व्लादीने तुझ्या कोटाची बाही सोडली नाही तेव्हा कळलं की काहीच जमलेलं नाही. घरी येऊन तो पलंगाखाली गेला. पाव दाखवला, मध दाखवला. शेवटी इंग्रिद पलंगाखाली शिरली आणि दोघं तिथेच झोपली. मी जमिनीवर बसून होते. कालामात रोज मला वाटायचं, एकदा घरी पोचले की पाठ टेकीन. आता घरी आहे आणि पाठ टेकवत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी पुस्तकं काढली. चुलीपाशी बसले, काटेवाल्या आईचं उघडलं आणि माझ्या पट्ट्या वाचायला लागले. व्लादी लांबून ऐकत होता. म्हणाला, 'असं नाहीये ते.' मी म्हटलं, 'अरे, हे मीच लिहिलंय.' तर म्हणतो, 'मावशी असं नाही सांगत.' इंग्रिदने मला बाजूला घेतलं, अगदी मोठ्या बाईसारखं, आणि म्हणाली, 'आई, पट्ट्या मी वाचते, माझ्या मनात. मावशी चित्रातलं सांगते.'

मग तिने मला दाखवलं. ताई, तू मला कधी सांगितलं नाहीस. प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक पानावर, तू मला बसवून ठेवलंयस! कुंपणावरचा बारकासा पक्षी, ती आई. डोंगरावरच्या घरातला टिंबाएवढा दिवा, तिथे आई इस्त्री करतेय. धुक्यातलं लांबचं माणूस, ती आई. इंग्रिद सांगत होती, 'व्लादी रोज शोधतो. आई सापडल्याशिवाय मावशी पान उलटत नाही. आई लांब आहे म्हणून लहान दिसते, असं मावशी म्हणते.' आणि मी तुला लिहिलं होतं, सांभाळतेस म्हणून तुझी नाही होत. माझी जीभ झडो.

मी व्लादीला जवळ बोलावलं, म्हटलं, 'बघ, ती आई म्हणजे मी.' त्याने पक्ष्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बोटाचं टोक दाखवून म्हणाला, 'आई एवढी आहे. तू खूप मोठी आहेस.'

मी हसले. हसल्यावर मोरीत जाऊन रडले. चार वर्षांच्या पोराशी वाद काय घालणार? त्याचं म्हणणं बरोबरच आहे. एवढीशी आई त्याची ओळखीची, ही धिप्पाड बाई कुठली कोण.

आता रोज जेवायला घालते, नाक पुसते, लाकडं आणते, ओरडतेही. परवा ओरडले तेव्हा तो दचकला आणि मग मला तुझ्यासारखंच उलट बोलला. का कोण जाणे, बरं वाटलं. काम मिळालंय, काकूंच्या ओळखीने, शाळेच्या स्वयंपाकघरात. संध्याकाळी इतकी दमते की पुस्तक हातातून गळतं. इंग्रिद कोपर मारते.

काल व्लादीने विचारलं, 'तू कधी जाणार?' मी म्हटलं, 'मी नाही जाणार.' त्याने पलंगाकडे बघितलं. मग म्हणाला, 'मग मावशीच्या पलंगावर झोप. पण तिच्या उशीवर डोकं ठेवायचं नाही.' मी उशी त्याच्याकडे दिली. तो ती पोटाशी धरून झोपला, मी बिनउशीची. आज मान वळत नाही.

ताई, तुझ्यावाचून घर भुंडं वाटतं. लवकर बरी हो. पण एक मागू? रागावू नकोस. परत यायची घाई करू नकोस.

तुझी,
यास्ना


पुएर्तो मोंत, २७ सप्टेंबर

यास्ना,

डाव्या हाताने लिहितेय, तोही दुखतो, म्हणून थोडक्यात.

उशीची खोळ धुऊन टाक. उशीही धू. गरम पाणी, भरपूर साबण. बाहेर वाळत घालू नकोस, पावसात वास जात नाही, चुलीशी वाळव. मग त्यावर तू झोप. माझा जुना कोट दाराआड आहे, तो आणि स्वयंपाकघरातला ॲप्रन काकूंकडे नेऊन ठेव. व्लादी शोधेल. काकूंकडे आहे म्हणून सांगू नकोस.

पहिल्या दिवशी फार रडेल. उचलून घे, लाथा मारेल, सोडू नकोस. तू गेलीस तेव्हा असाच रडला होता, तुझी शाल घेऊन. मी ती धुतली होती.

आत्याकडे बरं आहे. मी घाई करत नाही.

नोल्फा